व्रत एकाचे, संसार सगळ्यांचा

भारतीय लष्करात भरती होणारा जवान शपथ घेतो ती स्वतःपुरती. जमिनीवरून, समुद्रावरून किंवा हवेतून जिथे पाठवले जाईल तिथे जाईन आणि जिवावर बेतले तरी वरिष्ठांची आज्ञा पाळीन, असा तिचा आशय असतो. त्याची बायको, आईवडील आणि मुले त्या वेळी तिथे नसतात आणि त्यांना कोणी काही विचारतही नाही. तरीही शपथेचा मोठा भाग पुढे त्यांनाच पाळावा लागतो. सहामाही परीक्षेच्या तोंडावर शाळा बदलते. क्वार्टरसाठी प्रतीक्षायादीत नाव घालून भाड्याच्या खोलीत दिवस काढावे लागतात. नवरा फील्डवर असताना बाळंतपण होते, सासऱ्यांचे ऑपरेशन होते, छत गळते. अशा घराने राहणीमानाबद्दल वरिष्ठांकडे तक्रार करावी का आणि करायची तर कशी, हा वरकरणी प्रशासनाचा प्रश्न आहे. पण त्याखाली धर्मविचाराचा एक जुना पेच आहे: एकाने स्वीकारलेला त्याग दुसऱ्यावर बंधनकारक ठरतो का, आणि त्यागाच्या घरातून उठलेली मागणी निष्ठेला बाधा आणते का?

कायद्याने या पेचाचा एक भाग सोडवून ठेवला आहे. राज्यघटनेच्या कलम 33 नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांना संसद मुरड घालू शकते. त्याला अनुसरून 1950 च्या आर्मी ॲक्टच्या कलम 21 प्रमाणे जवानाच्या संघटना करण्यावर, सभांत बोलण्यावर आणि वृत्तपत्रांशी संपर्क ठेवण्यावर बंधने येतात. जवानाची बायको मात्र या कायद्याखाली येत नाही. तिचे भाषणस्वातंत्र्य कोणत्याही नागरिकाइतकेच शाबूत असते. व्यवहारात ती ते क्वचितच वापरते, कारण तिच्या बोलण्याचा जाब नवऱ्याला द्यावा लागेल, त्याच्या गोपनीय अहवालात किंवा पुढच्या पोस्टिंगमध्ये तो उतरेल, अशी धास्ती असते. ही धास्ती दरवेळी खरी असते असे नाही. पण खरी-खोटी कशीही असली तरी ती तोंड बंद करते. म्हणजे कायद्याने जिला मोकळे ठेवले, तिला रिवाजाने बांधले आहे.

या प्रश्नाकडे भारतीय परंपरेने वेगळ्या बाजूने पाहिले होते. महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराच्या भेटीला येतात आणि कुशल विचारण्याच्या मिषाने राज्यकारभाराबद्दल प्रश्नांची सरबत्ती करतात. सैन्याला शिधा आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना, त्यात दिरंगाई करत नाहीस ना, असा त्यातला एक प्रश्न आहे. तुझ्यासाठी ज्यांनी मरण पत्करले किंवा जे संकटात सापडले, त्यांच्या बायकांचा सांभाळ करतोस ना, असा दुसरा. रामायणाच्या अयोध्याकांडात चित्रकूटावर भेटायला आलेल्या भरताला रामही याच धर्तीचे प्रश्न विचारतो आणि वेतन थकले की चाकर धन्यावर रागावतात, त्यातून मोठा अनर्थ होतो, असे बजावतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न राज्यकर्त्याला केले आहेत, हे महत्त्वाचे. सैनिकाच्या बायकोने दरबारात येऊन गाऱ्हाणे घालावे, अशी तिथे अपेक्षाच नाही. ती कशी राहते याची खबर राजाने आधीच घेतलेली असावी आणि घेतली नसेल तर त्याला जाब विचारणारा कोणी तरी असावा, ही त्यामागची धारणा आहे. चौकशीचा भार वरच्यावर होता. आधुनिक व्यवस्थेने तो खालच्यावर टाकला आणि वर त्याच्यासाठी छापील अर्ज तयार केला, ही काही निखळ प्रगती म्हणता येणार नाही.

कौटिल्य या बाबतीत भावनेत गुंतत नाही. कामावर असताना मेलेल्यांच्या बायकामुलांना शिधा आणि वेतन मिळावे, असे तो ‘अर्थशास्त्रा’तल्या वेतनाच्या प्रकरणात रोखठोक सांगतो. त्याहून मार्मिक विचार सैन्यावर येणाऱ्या संकटांच्या विवेचनात आहे. ज्या सैन्याचा मान राखला गेला नाही आणि ज्या सैन्याचा अपमान झाला, अशा दोहोंची तो तुलना करतो. पहिल्याला धन आणि मान दिला तर ते लढेल. दुसरे लढणार नाही, कारण त्याचा राग आत धुमसत राहतो. तसेच वेतन न मिळालेले सैन्य वेतन हाती पडताच उभे राहते, आजारी सैन्य राहू शकत नाही. कुटुंबांच्या तक्रारींना हे वर्गीकरण तंतोतंत लागू पडते. नळाला पाणी नाही ही उपेक्षा झाली आणि नळ दुरुस्त झाला की ती संपते. पाण्याबद्दल विचारायला गेलेल्या बाईला ‘आधीच्या बायकांनी कधी कुरकुर केली नाही’ असे ऐकवले गेले, तर तो अपमान झाला. मग नळ दुरुस्त झाला तरी काही तरी बिघडलेलेच राहते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या लढाईनंतरची नोंद आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले आणि जखमींना जखमेच्या मानाने दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले, असे ती सांगते. बखर जिंजीला 1697 च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ चार दशकांनी लिहिली गेली, तेव्हा आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. पण शिवाजी महाराजांची थोरवी सांगताना बखरकाराला हा तपशील द्यावासा वाटला, यातच काय ते आले. पुढच्या काळात घडी विस्कटली. पगार थकू लागले आणि सैनिक सरदाराच्या दारात धरणे धरू लागले. 1809 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत वावरलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णने आहेत. वरून विचारपूस थांबली की खालून धरणे सुरू होते, एवढा कार्यकारणभाव त्यातून काढायला हरकत नसावी.

कुटुंबाच्या मागणीविरुद्धचा गंभीर आक्षेप निष्काम कर्माच्या बाजूने येतो. स्वधर्म म्हणून ज्याने शस्त्र हाती घेतले, त्याने फळाची आशा धरू नये. मग चांगले क्वार्टर, चांगली शाळा, वेळेवर रजा यांची मागणी ही फलाशाच नव्हे काय? लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये प्रसिद्ध करून कर्मयोगाची जी मांडणी केली, तिचा घरगुती वापर अनेकदा असा होतो, की ज्याला काही द्यायचे नसते तोच दुसऱ्याला निष्कामतेचा उपदेश करतो. आक्षेपाचे उत्तर गीतेतच सापडते. कर्माच्या फळावरची आसक्ती वेगळी आणि कर्म नीट पार पडावे म्हणून लागणारी साधने वेगळी. कर्म केल्याशिवाय शरीरयात्राही चालत नाही, असे तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. कर्माला देह लागतो आणि देहाला अन्न, निवारा, औषध. पदकाची हाव सोडणे हा जवानाचा योग असू शकतो. मुलाच्या तापावरच्या औषधाचा आग्रह सोडणे हा कोणाचाच योग नव्हे.

शिवाय गीतेचा सगळा प्रसंगच एका योद्ध्याने ऐन रणांगणावर काढलेल्या शंकेतून उभा राहतो. अर्जुन जे मांडतो त्यात कुळाचा, बायकांचा आणि पुढच्या पिढीचा प्रश्न अग्रभागी आहे. कृष्ण त्याला कानपिचक्या देतो खरा, पण गप्प बसवत नाही. अठराव्या अध्यायापर्यंत उत्तर देतो आणि शेवटी, यावर पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असे सांगतो. आज्ञापालनाच्या नावाखाली शंका दडपणाऱ्या सेनानायकाला गीतेचा आधार घेता येणार नाही.

एकाने पत्करलेली सहनशीलता दुसऱ्यावर लादता येते का, याचे सगळ्यात बोलके उदाहरण मात्र अमेरिकेच्या नौदलातले आहे. वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांचे विमान 9 सप्टेंबर 1965 रोजी उत्तर व्हिएतनामवर पाडले गेले आणि पुढची साडेसात वर्षे ते हनोईत कैदेत होते. स्टॅनफर्डला शिकताना त्यांनी एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाचा अभ्यास केला होता. जे आपल्या हाती नाही त्याची चिंता सोडावी आणि जे हाती आहे, म्हणजे आपली वृत्ती, ती ढळू देऊ नये, ही त्याची शिकवण होती. छळ आणि एकांतवास सोसताना आपण तिच्यावर तगलो, असे त्यांनी नंतर लिहिले. इकडे त्यांची पत्नी सिबिल चार मुलांसह कॅलिफोर्नियात राहत होती. युद्धकैद्यांच्या कुटुंबांनी गप्प राहावे, बोभाटा झाला तर कैद्यांना त्रास होईल, असे सरकारचे सांगणे होते. सिबिल यांनी ते काही वर्षे पाळले. गुप्तचर खात्याशी सहकार्य करून पतीला सांकेतिक मजकुराची पत्रेही पाठवली. पण कैद्यांचा छळ चालू आहे हे कळत असूनही सरकार त्याबद्दल उघड बोलत नाही, हे ध्यानात आल्यावर ऑक्टोबर 1968 मध्ये त्या वर्तमानपत्राकडे गेल्या. मे 1969 मध्ये सरकारनेच मौनाचे धोरण सोडले. 1970 मध्ये कैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत सिबिल होत्या. जेम्स स्टॉकडेल फेब्रुवारी 1973 मध्ये सुटले.

एकाच घरात दोन परस्परविरोधी वाटणारे धर्म पाळले गेले. नवऱ्याने सोसले आणि बायकोने आवाज उठवला. स्टोइक विचाराच्या कसोटीवरही दोघांचे बरोबर होते, कारण दोघांच्या हाती असलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या. कोठडीतल्या माणसाच्या हाती फक्त त्याचे मन होते. घरातल्या बाईच्या हाती पत्र, टेलिफोन आणि नागरिकाचे हक्क होते. हाती असलेले साधन न वापरणे याला स्टोइक धैर्य म्हणत नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सिबिल यांनी पहिल्याच दिवशी वर्तमानपत्र गाठले नाही. आधी आतल्या सगळ्या वाटा चालून पाहिल्या.

भारतीय लष्करात अशा आतल्या वाटा बऱ्याच आहेत. पलटणीत सैनिक संमेलन किंवा दरबार भरतो, तिथे कमांडिंग ऑफिसरसमोर जवानाला आपले म्हणणे मांडता येते. त्याआधी प्लॅटूनचा कनिष्ठ आयुक्त अधिकारी (जेसीओ), कंपनी कमांडर अशी पायरी असते आणि जवानांच्या अडचणी साहेबांच्या कानावर घालणे हे सुभेदार मेजरचे कामच मानले जाते. क्वार्टरच्या दुरुस्तीचे गाऱ्हाणे लष्करी अभियंता सेवेकडे (एमईएस) जाते, वाटपाचे स्टेशन हेडक्वार्टरकडे. कुटुंबांसाठी फॅमिली वेल्फेअर सेंटर असते आणि त्याच्या वरची संघटना म्हणजे 1966 मध्ये स्थापन झालेली ‘आवा’, आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन. या सगळ्यापलीकडे आर्मी ॲक्टचे कलम 26 आहे. वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटणाऱ्या जवानाने तक्रार आपल्या कंपनी कमांडरकडे करावी, असे ते सांगते. पण तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर त्याच्या वरच्याकडे जाण्याची मुभाही तेच कलम देते आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यावर शक्य तितकी पूर्ण चौकशी करण्याचे बंधन घालते. पायरी ओलांडणे म्हणजे बेशिस्त, अशी जी सरसकट समजूत आहे, ती कायद्यात नाही.

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 च्या आपल्या ग्रंथात संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, असे मांडले: सोडून जाणे किंवा बोलणे. यातले काय निवडले जाईल हे निष्ठेवर ठरते. ज्याला संस्थेबद्दल आस्था असते तो लगेच निघून जात नाही, थांबून बोलतो. लष्करात सोडून जाण्याची वाट जवळपास बंद असते. जवान मनात आले म्हणून राजीनामा देऊ शकत नाही आणि त्याचे कुटुंब गावी परतले तर ते हरल्यासारखे होते. एक वाट बंद असलेल्या संस्थेत दुसरीही अडवली, तर नेतृत्वाला आतली खबर मिळण्याचा मार्गच उरत नाही. सेनापतीला शत्रूच्या हालचाली कळाव्यात म्हणून जी यातायात केली जाते, तिच्या मानाने आपल्याच क्वार्टरांत काय चालले आहे ते कळण्यासाठी फार थोडे लागते. लागते ते फक्त ऐकून घेणारा माणूस.

त्यातली मोठी अडचण अशी, की कुटुंबांच्या कल्याणाची रचना नवऱ्यांच्या हुद्द्यांवर उभी आहे. ‘आवा’ची अध्यक्ष सेनाप्रमुखांची पत्नी असते आणि पलटणीच्या पातळीवर कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीकडे हे काम येते. या स्त्रियांपैकी अनेकींनी मन लावून काम केले आहे. पण शिपायाच्या बायकोला ज्या बाईसमोर आपली अडचण सांगायची, तिच्याच नवऱ्याच्या कारभारातली ती त्रुटी असते. तिथे खरे बोलायला धारिष्ट लागते आणि खरे ऐकायलाही. वेल्फेअरच्या बैठकीत हळदीकुंकू आणि पाककृतींच्या स्पर्धा जितक्या सहज रंगतात, तितकी गळक्या छतावरची चर्चा रंगत नाही, याचे कारण बायकांच्या आवडीनिवडीत शोधू नये. अमेरिकी नौदलाने 1970 मध्ये ॲडमिरल झुमवाल्ट यांच्या आदेशाने कुटुंबांचे म्हणणे थेट कमांडरपर्यंत नेणाऱ्या प्रतिनिधीचे पद निर्माण केले. हे काम नौसैनिकांच्या पत्नींकडे दिले होते. ब्रिटनमध्ये 1982 पासून लष्करी कुटुंबांची वेगळी संघटना काम करते. ऐकणारा माणूस साहेबाच्या घरातला नसावा, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे.

वाट असली तरी तिच्यावर विश्वास नसला की लोक कुंपण ओलांडतात. जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने निकृष्ट जेवणाची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली. हे दल लष्कराचा भाग नाही, गृहखात्याखाली येते, पण धक्का सगळ्यांनाच बसला. तत्कालीन सेनाप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी मुख्यालयांत तक्रारपेट्या ठेवण्याची घोषणा केली आणि त्याच आठवड्यात, समाजमाध्यमांवरून तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, असा इशाराही दिला. या दोन पावलांत विसंगती नाही. दार उघडायचे आणि खिडकीतून उडी मारू नका म्हणायचे, हे रास्तच आहे. प्रश्न फक्त दार खरोखर उघडते का, हा उरतो.

ते न उघडल्यास काय होते, हे 2021 च्या नोव्हेंबरात अमेरिकी नौदलाच्या हवाईमधल्या पर्ल हार्बर तळावर दिसले. नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतो, मुलांच्या अंगावर चट्टे उठतात, पोटे बिघडतात, अशी तक्रार तिथली कुटुंबे करू लागली. पाणी पिण्यायोग्य असल्याचे नौदलाने सुरुवातीला सांगितले. नंतर रेड हिलच्या भूमिगत टाक्यांतून गळलेले इंधन पाण्यात मिसळल्याचे निष्पन्न झाले. त्या जलवाहिनीवर सुमारे 93 हजार लोक अवलंबून होते. मार्च 2022 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ते साठवण केंद्र बंद करण्याचा आदेश दिला. ज्ञानाच्या दृष्टीने यातला मुद्दा असा, की काही गोष्टी घरातल्या माणसालाच आधी कळतात. प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी आईच्या नाकाला कळले होते. तिच्या अनुभवाला पुरावा न मानणे हा शिस्तीचा भाग नव्हता. ती पाहण्याची चूक होती.

यावरून तक्रार कशी करावी, याचेही काही निकष निघतात. आधी जवळच्या माणसाकडे जावे, कारण त्याला सुधारण्याची संधी देणे हा न्यायाचा भाग आहे. जे पाहिले ते तारखेसह सांगावे आणि संतापातून काढलेली अनुमाने बाजूला ठेवावीत. स्वतःच्या गैरसोयीबरोबर तीच गैरसोय शेजारच्या घरातही आहे का, ते बघावे. मात्र सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करण्याआधी विचार करावा, कारण सामूहिक मागणीकडे लष्करी शिस्त संशयाने पाहते आणि गणवेशातल्यांच्या बाबतीत तो संशय अगदीच निराधार नाही. शस्त्रधारी माणसांनी मिळून मागणी करणे आणि शाळेतल्या पालकांनी करणे यात फरक आहेच. पलटण कुठे आहे, कधी हलणार आहे, हे तक्रारीत येता कामा नये. जीव किंवा आरोग्य धोक्यात असेल, अथवा ज्याच्याकडे जायचे तोच दोषी असेल, तर पायऱ्या मोजत बसण्याचे बंधन उरत नाही. सत्य बोलावे पण ते कोणाचे हित साधणारे असावे, ही आपल्याकडची जुनी अट इथे उपयोगी पडते. मात्र हित कोणाचे, हे ठरवण्याचा मक्ता वरिष्ठाकडे देऊन चालणार नाही.

छावणीत राहणाऱ्या कुटुंबाला निदान ठोठावायला दारे जवळ असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणाऱ्या गावांत मागे राहिलेली बायको, वृद्ध आई किंवा विधवा यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हाच पहिला टप्पा असतो. जमिनीचा वाद, पेन्शनमधली चूक, मुलांची शिष्यवृत्ती असे विषय तिथे येतात. सेवाविषयक हक्कांसाठी 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आहे आणि निवृत्त सैनिकांबरोबर त्यांच्या वारसांनाही तिथे दाद मागता येते. मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. निवृत्तांवरचे मौनाचे बंधन सैल होते, म्हणून ‘वन रँक वन पेन्शन’साठी 2015 मध्ये जंतरमंतरवर माजी सैनिक आणि वीरपत्नी उघडपणे बसू शकल्या.

विधवांच्या बाबतीत तर एक नियम असा होता, की शौर्यपदकाचा भत्ता घेणाऱ्या विधवेने पुनर्विवाह केला तर तो बंद होई, मात्र तिने मृत पतीच्या भावाशीच लग्न केले तर चालू राही. कौटिल्याच्या भाषेत हा अपमानाचा प्रकार होता, कारण रकमेपेक्षा त्यात बाई कोणाच्या घरात राहते यावर राज्याची नजर होती. संरक्षण मंत्रालयाने ही अट नोव्हेंबर 2017 मध्ये काढून टाकली.